माशांचं बिऱ्हाड हलवताना

डोंबिवलीचं घर सोडून मावसभावानं पुण्याला बिऱ्हाड हलवलं, ते ऐन मे महिन्यात. सामान टेम्पोतून गेलं. गोल्डफिश मात्र गाडीतून गेले, वहिनीच्या पायांशी ठेवलेल्या झाकणाच्या बादलीतून. खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची भलीमोठी रांग लागली होती, पण एसी चालू होता आणि संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा सगळे मासे धडधाकट होते. त्याच रात्री टँक भरला गेला. काच लख्ख पुसलेली, खडे नळाखाली चोळून धुतलेले, फिल्टरमधला काळपट स्पंज फेकून नवाकोरा बसवलेला. मुलांनी कौतुकानं दाणेही जरा जास्तच टाकले. आठवडा संपायच्या आत एक मासा पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. त्याचे कल्ले लालभडक झाले होते. पुढे एकेक करून निम्मे मासे गेले.

‘प्रवास झेपला नाही बिचाऱ्यांना,’ असं घरातले सगळे म्हणाले. घर बदलल्यावर मासे दगावले की बहुतेक ठिकाणी हेच कारण सांगितलं जातं. या घरात मात्र प्रवास नीट पार पडला होता. मासे दगावले ते टँक धुऊनपुसून नवा केल्यामुळे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. चालू टँकमध्ये काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी असतं आणि नेहमीच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज खळबळला की ते मरतात. नवी वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात अमोनिया साचत जातो. त्यात गोल्डफिश म्हणजे खादाड आणि घाण जास्त करणारा मासा. म्हणून सामानाच्या यादीत सगळ्यात आधी त्या मळकट स्पंजचं नाव हवं.

तयारी निघण्याच्या दिवशी करून भागत नाही. आदल्या आठवड्यात एकदा नेहमीसारखं थोडं पाणी बदलावं, म्हणजे मासे ताज्या पाण्यातून निघतात. स्पंज आणि खडे मात्र त्या आठवड्यात धुऊ नयेत. निघण्यापूर्वी लहान माशांचं खाणं एक दिवस आणि मोठ्यांचं दोन दिवस बंद ठेवावं. घरातल्या आजींना हे ऐकवत नाही, पण निरोगी मोठा मासा काही दिवस सहज उपाशी राहतो. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी बिघडतं.

पिशवी कशी बांधावी हे कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात उभं राहून पाहावं. विक्रेता पिशवीच्या तळाचे दोन्ही कोपरे रबरबँडनं आवळून टाकतो, म्हणजे इवलासा मासा कोपऱ्यात अडकून चेंगरत नाही. मग तिसरा हिस्सा पाणी भरतो, हातानं हवा दाबून काढतो, नळीनं ऑक्सिजन सोडतो आणि तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधतो. पिशवी फुग्यासारखी टणक होते. घरी पॅकिंग करणारे नेमकं उलट करतात: पाणी काठोकाठ भरतात आणि हवेला बोटभर जागा ठेवतात. माशाला ऑक्सिजन मिळतो तो वरच्या हवेतून पाण्यात विरघळून, त्यामुळे पाणी कमी आणि हवा जास्त हेच बरोबर. चार-पाच तासांचा प्रवास असेल तर साधी हवा आणि मोजके मासे चालतात. रात्रभराचा असेल तर ओळखीच्या दुकानदाराकडून ऑक्सिजन भरून घ्यावा. सकरसारख्या काटेरी परांच्या माशाला दोन पिशव्या एकात एक घालाव्यात आणि त्याला एकटंच ठेवावं. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, म्हणून त्यांच्या पिशवीत वर मोकळी जागा हवीच.

मोठ्या गोल्डफिशला किंवा ऑस्करला पिशवीपेक्षा झाकणाची स्वच्छ बादली बरी. तिला कधीही साबण लागलेला नसावा. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, तो लावावा.

उन्हाळ्यातला खरा शत्रू उष्णता. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसात. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. म्हणून पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवाव्यात. पेटी टेम्पोत किंवा डिकीत नको, माणसं बसतात तिथे हवी. पेटी बंद असली की अंधारही होतो आणि अंधारात मासे शांत राहतात. चहाला थांबताना गाडी उन्हात बंद करून जाऊ नये.

आता टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँकमध्ये सुमारे 70 लिटर पाणी मावतं, म्हणजे 70 किलो वजन. खडे आणि काच वेगळीच. ‘थोडं पाणी राहू दे’ म्हणून चौघांनी तो उचलला की तळ पिळवटतो आणि सिलिकॉनचा जोड सुटतो. टँक पूर्ण रिकामा करूनच हलवावा, खाली थर्माकोलची शीट घालावी आणि आत भांडीकुंडी भरू नयेत. हीटर असेल तर बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच निवू द्यावा. तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते. वनस्पती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवाव्यात. स्पंज टँकच्याच थोड्या पाण्यात, वर भरपूर हवा राहील अशा डब्यात न्यावा, कारण त्यातल्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. खडेही ओलेच न्यावेत. शक्य असेल तितकं जुनं पाणी कॅनमधून न्यावं. त्यात जिवाणू थोडेच असले, तरी माशांना ओळखीचं पाणी मिळतं.

नव्या घरात गॅसच्या शेगडीआधी टँक लागायला हवा. स्टँड समपातळीत हवा आणि खिडकीतलं थेट ऊन त्यावर येता कामा नये. आधी खडे, मग जुनं पाणी, मग क्लोरीन काढलेलं नवं पाणी, मग जुन्या स्पंजसकट फिल्टर. दुकानात मिळणाऱ्या अँटी-क्लोरीनमध्ये बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. बाटलीवर लिहिलेल्या मापानं ते घालावं. सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते बरंच जड असू शकतं. ते जुन्या पाण्यात थोडं थोडं करत मिसळावं.

माशांची पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवावी. दोन्हीकडचं तापमान सारखं झालं की लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशांच्या बाबतीत पुढे वेळ काढू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचल्यानं पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया पुन्हा जहाल होतो. उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसलं की माशांचं नुकसानच होतं. थोडं टँकचं पाणी घालावं, जाळीनं मासे उचलून सोडावेत आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं.

पहिल्या दिवशी दिवा बंद आणि खाणंही बंद. पुढचे दोन-तीन आठवडे अगदी बेतानं खाऊ घालावं. अमोनिया मोजायचं थेंबांचं किट मिळतं. थेंब टाकलेलं नमुन्याचं पाणी पिवळं राहिलं तर चिंता नाही, हिरवट झालं तर लगेच टँकचं थोडं पाणी बदलावं. माझ्या मावसभावाकडचे उरलेले गोल्डफिश अशाच रोजच्या पाणीबदलावर तगले.

आणि काही घरांत मासे न्यायचेच नसतात. मग शेवटच्या दिवशी कोणीतरी बादली उचलतं आणि जवळच्या तळ्यात किंवा नदीत ओततं, वर पुण्य केल्याचं समाधान. दुकानात बोटाएवढा दिसणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, वाढून फूटभराच्याही पुढे जाणारा. आज तो भीमेवरच्या उजनी जलाशयात आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात पसरलेला आहे. त्याच्या खरबरीत, काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही, आणि स्थानिक माशांचं अन्न नि जागा तो बळकावतो. असे मासे तिथवर पोहोचतात ते बरेचसे घराघरांतल्या टँकांमधूनच.

तेव्हा मासे सोबत न्यायचे नसतील तर महिनाभर आधी शोध सुरू करा. दुकानदाराला विचारा, सोसायटीत विचारा, मुलांच्या शाळेत टँक असेल तर तिथे विचारा. घेणाऱ्याला माशांबरोबर तो जुना स्पंजही द्या. पण एकही मासा नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका.