शैक्षणिक सहल : मुंबई की पुणे?

खेड्यातील पुष्कळ मुलांच्या वाट्यास शालेय जीवनात मोठ्या शहराची एखादीच सहल येते. म्हणून ‘श्रेष्ठ शहर कोणते?’ हा वाद न घालता, ‘शिकविलेला कोणता पाठ तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळेल?’ याचा विचार शिक्षकांनी करावा.

मुंबई हे बंदर. समुद्र, भरती-ओहोटी व जहाजे तेथे दिसतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली. गेटवेहून लाँचने घारापुरीची लेणी गाठता येतात.

पुणे घाटमाथ्यापलीकडे, मुळा-मुठेच्या काठी वसले आहे. शनिवारवाडा, सिंहगड व केळकर संग्रहालय येथे इतिहास बोलका होतो. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा याच शहरात काढली.

तात्पर्य, व्यापार व दळणवळण शिकविताना मुंबई, आणि शिवकाल, पेशवाई व समाजसुधारणा शिकविताना पुणे निवडावे. मुंबईतील गर्दी ध्यानी घेता अगदी लहान वर्ग तेथे नेऊ नये.

स्वाध्याय : परतल्यावर दोन रकान्यांचा तक्ता करून घ्यावा. एका रकान्यात पाहिलेले शहर, दुसऱ्यात पुस्तकातून कळलेले. खर्चामुळे घरी राहिलेल्या मुलांकडे दुसरा रकाना सोपवावा, म्हणजे वर्गाच्या सहलीत त्यांचाही वाटा राहील.