जागतिकीकरण आणि डोंगराळ प्रदेश : सातपुड्याचे उदाहरण



प्रास्ताविक
वस्तू, भांडवल आणि श्रम यांची देशांच्या सीमा ओलांडून होणारी देवघेव म्हणजे आर्थिक जागतिकीकरण, हे आपणांस ठाऊक आहे. डोंगराळ प्रदेशात तिचा आणखी एक परिणाम दिसतो : तेथील जमिनीविषयीचे निर्णय तेथील माणसांपासून दूर जातात. खानदेशातील सातपुड्याच्या आधारे हे समजून घेऊ.

विवेचन
१९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. धरण गुजरातेत केवडियाजवळ. परंतु त्याच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे येत होती. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले.

येथील अनेक भिल्ल व पावरा कुटुंबे वनजमीन कसत होती. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. कागदोपत्री त्यांच्यासाठी एकच शब्द होता : 'अतिक्रमणधारक'. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याच्या मार्गात हा शब्द आडवा आला. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. कर्जाचे आकडे डॉलरमध्ये मांडले जात असताना, एका कुटुंबाचे भवितव्य एका संज्ञेवर ठरत होते.

गावकऱ्यांच्या विरोधामुळे बँकेने स्वतंत्र समिती नेमली. तिने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनातील गंभीर त्रुटी दाखवल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. धरणाचे काम मात्र पुढे चालूच राहिले. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याला नाव मिळाले ते बुडितातील मणिबेली गावाचे. म्हणजे ज्या वाटेने भांडवल डोंगरात आले, त्याच वाटेने डोंगराचे गाऱ्हाणेही जगापर्यंत पोहोचले.

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा शेतकऱ्याला 'वननिवासी' म्हटले आणि त्याच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. बुडालेली शेते मात्र परत आली नाहीत.

सारांश
जागतिकीकरणाचे मोजमाप केवळ आयात-निर्यातीने होत नाही. निर्णय कोण घेतो आणि कसणाऱ्याला कोणत्या नावाने ओळखले जाते, हेही पाहावे लागते.

स्वाध्याय
'अतिक्रमणधारक' आणि 'वननिवासी' या संज्ञांतील अर्थभेद व त्याचे परिणाम आपल्या शब्दांत स्पष्ट करा.