पापणीचे ऑपरेशन : आधी कारण शोधा, मग सर्जन

कवठे महांकाळच्या वस्त्यांत आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला अलीकडे एक प्रश्न विचारला जातो : "डोळे कायम झोपाळल्यासारखे दिसतात. ऑपरेशन करून पापणी उचलून मिळते म्हणे. करावे का?" विचारणाऱ्यांत लग्नाच्या मुली असतात, तशा पन्नाशीच्या आयाही. यात हसण्यासारखे काही नाही. आपला चेहरा बरा दिसावा असे कुणालाही वाटते. पण बचत गटाचे कर्ज काढून होकार देण्याआधी दोन गोष्टी कराच. पापणी का झुकली ते शोधा आणि ऑपरेशन कोण करणार ते तपासा.

पापणी का झुकते?

वयाबरोबर पापणीची कातडी सैल पडते. ही जादा कातडी काढतात त्या ऑपरेशनला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडला असेल, तर तो टोसिस. त्यात नुसती कातडी काढून भागत नाही, ऑपरेशन वेगळे असते.

काही पापण्यांना ऑपरेशन नव्हे, औषध लागते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी जड होत असेल, तर मायस्थेनिया हा आजार असू शकतो. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसत असतील, तर मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या.

एक पापणी अचानक पडली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, डोके असह्य दुखले किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा. हा मेंदूच्या रक्तवाहिनीचा त्रास असू शकतो.

लहान मुलाची पापणी जन्मापासून बाहुलीवर येत असेल, तर "मोठेपणी बघू" म्हणू नका. झाकलेला डोळा बघायला शिकत नाही आणि ती नजर पुढे परत मिळणे अवघड होते.

सर्जन कसा निवडाल?

पदवी पाहा. एम.बी.बी.एस.नंतर डोळ्यांचे एम.एस. किंवा डी.एन.बी. केलेला आणि पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे, म्हणजे ऑक्युलोप्लास्टीचे, खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेला. ब्युटी पार्लरच्या सर्टिफिकेटवर कुणालाही पापणी कापता येत नाही.

नोंदणी क्रमांक पाहा. 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळता येतो.

दर विचारा. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. ऑपरेशन, भूल, औषधे, टाके काढणे आणि पुन्हा दाखवणे या सगळ्याचा खर्च लिहून मागा.

डॉक्टरांना हे थेट विचारा : माझ्या पापणीला नेमके काय झाले आहे? ऑपरेशन नाही केले तर नजरेला धोका आहे का? अशी किती ऑपरेशने तुम्ही स्वतः केलीत? काही बिघडले तर रात्री कुणाला गाठायचे? जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो किंवा "आजच ठरवा, सूट देतो" म्हणतो, तिथून उठा.

ऑपरेशन आणि नंतर

वरच्या पापणीचे ऑपरेशन बहुधा इंजेक्शनने जागा बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण आठवड्याने काढतात. सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवडे राहू शकतो. त्या दिवसांत ओझे उचलणे, वाकून काम करणे, धूळ आणि चुलीचा धूर टाळावा लागतो. द्राक्षबागेत किंवा बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बाईने बुडणारी मजुरीही खर्चात धरावी.

डोळे कोरडे पडणे, दोन पापण्या सारख्या न दिसणे, कातडी जास्त काढल्यास डोळा पूर्ण न मिटणे, हे धोके आहेत. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. म्हणून ऑपरेशननंतर डोळा खूप दुखला किंवा कमी दिसू लागले तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती आधीच द्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

आधी सरकारी रुग्णालय

पहिली तपासणी मिरज किंवा सांगलीच्या सरकारी रुग्णालयात नेत्रविभागात करा. पापणीमुळे नजर झाकली जाते का, हे तिथे तपासून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठीचे ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसत नाही. पण आजारामुळे गरज असेल तर आपली केस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

नजरेला धोका नसेल, तर घाई कसलीच नाही. घरी या, हिशेब मांडा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. लग्न जमवण्यासाठी मुलीच्या पापणीवर कुणी बोट ठेवत असेल, तर निर्णय पाहुण्यांचा नाही, तिचा आहे. तिने नको म्हटले, तर विषय तिथेच संपवा.