इच्छा नसतानाही: अर्जुनाचा प्रश्न आणि लाडवांचा डबा



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ आणि ३७. सोबत अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

या श्लोकांवर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. अभ्यास झाला नव्हता म्हणून नाही, तर लिहायचं म्हटलं की स्वतःबद्दल खरं सांगावं लागणार होतं म्हणून. आज सांगतो.

आधी श्लोक. अर्जुन विचारतो, माणसाची स्वतःची इच्छा नसते, तरीही कुणीतरी मानगूट धरून ढकलावं तसा तो नको तेच करून बसतो. हे त्याच्याकडून कोण करवून घेतं? माउली ज्ञानेश्वरीत हा प्रश्न आणखी धारदार करतात. काय घ्यावं आणि काय टाकावं हे ज्यांना कळतं, असे जाणतेसुद्धा वाट का चुकतात? म्हणजे प्रश्न अडाण्यांचा नाही. सगळं कळूनही ज्यांना थांबता येत नाही, त्यांचा आहे.

माझा आहे.

त्या एकादशीची रात्र

काही वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. मी निर्जळी उपास धरला होता. त्या आठवड्यात ऑन-कॉल होतो, रात्री अकराला प्रॉडक्शनवर काहीतरी पडलं आणि दीड वाजेपर्यंत कॉल चालू होता. कॉल संपला, लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आईने दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी बेसनाचे लाडू करून ठेवले होते. एक तोंडात टाकला. मग अंधारात, ओट्यापाशी उभ्यानेच, एकामागून एक. चव आठवत नाही. डब्याचा आवाज होऊ नये म्हणून झाकण छातीशी धरलं होतं, ते मात्र आठवतं. पोट दुखायला लागलं तरी हात थांबेना. तळाशी तीन लाडू उरले तेव्हा थांबलो.

सकाळी आईने डबा उघडला. घरात माझ्याशिवाय कुणी असं करेल असं तिच्या मनातही आलं नाही आणि मी करेन असंही नाही. ती हळूच म्हणाली, "मावशींनी मुलांसाठी नेले असतील का रे? मागितले असते तर दिले असते की." घरकामाला येणाऱ्या मावशींबद्दल ती बोलत होती. मी म्हणालो, "माहीत नाही."

हे दोन शब्द लक्षात ठेवा. शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

त्या रात्री जे झालं ते पहिल्यांदा नव्हतं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचं. अ‍ॅपवरून दोन माणसांचं जेवण मागवायचं, दारात डिलिव्हरी घेताना फोनवर कुणाशी तरी बोलल्यासारखं करायचं, रिकामे डबे लॅपटॉपच्या बॅगेत भरून सकाळी ऑफिसच्या कचऱ्यात टाकायचे. मग स्वतःला शिव्या. मग "उद्यापासून फक्त फळं." मग पुन्हा तेच. बाहेरून बघणाऱ्याला मी जरा जाड, हसतमुख, खवय्या माणूस होतो. आतून मला खात्री होती की माझी भक्ती खोटी आहे. ज्याला जिभेवर ताबा नाही त्याने गीतेवर काय बोलावं?

खादाडपणाला आजार म्हणायचं?

बायकोला एकदा बॅगेत ते डबे सापडले. ती रागावली नाही. म्हणाली, "तू हे लपवतोयस याचा अर्थ तुला त्रास होतोय. डॉक्टरांकडे जाऊ." मी हसलो. बीपीचा आजार असतो, शुगरचा असतो. जास्त खाण्याचा कसला आजार?

मानसोपचारतज्ज्ञांनी वजन विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "खायला लागल्यावर, आता मला थांबता येणार नाही, असं वाटतं का?" मला अर्जुन आठवला. इच्छा नसतानाही, ढकलल्यासारखा. हजारो वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे शब्द एका केबिनमध्ये परत ऐकू आले.

त्यांनी सांगितलेलं नाव: बिंज ईटिंग डिसऑर्डर. बोलीत आपण ज्याला अनावर खाणं म्हणू, त्याचं हे वैद्यकीय नाव. इंजिनियर असल्यामुळे घरी येऊन आधी वाचून काढलं. हे नवीन फॅड नाही. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ साली असं खाणं वैद्यकीय लेखात नोंदवलं होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९९४ साली ते परिशिष्टात, पुढे अभ्यास करण्याजोगं म्हणून आलं आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही तो आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं.

मग लग्नात दाबून जेवणं, गणपतीत अकरा मोदक खाणं, हाही आजार? नाही. फरक असा आहे:

१. थोड्या वेळात, साधारण दोनेक तासांत, इतर माणसं तेवढ्या वेळात खातील त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त खाल्लं जातं आणि खाताना ताबा सुटल्याची भावना असते. ही दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

२. सोबत यांपैकी किमान तीन गोष्टी असतात: नेहमीपेक्षा खूप भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं आणि नंतर स्वतःची किळस, उदासी किंवा खोल अपराधी भावना.

३. या सगळ्याचा मनाला खरोखर त्रास होतो.

४. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, निदान तीन महिने, हे चालू असतं.

खाल्लेलं भरून काढायला माणूस नेहमी उलट्या काढत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, उपाशी राहत असेल किंवा अति व्यायाम करत असेल, तर तो वेगळा आजार ठरू शकतो. त्याला बुलिमिया म्हणतात. म्हणून ही यादी वाचून स्वतःवर शिक्का मारू नका. ती डॉक्टरांशी बोलायला सुरुवात करण्यासाठी आहे.

आणि हो, हा आजार वजनावरून ओळखता येत नाही. जाड असणाऱ्या प्रत्येकाला तो नसतो आणि बारीक दिसणाऱ्यालाही असू शकतो. तो फक्त मुलींचा आजारही नाही. मी त्याचा पुरावा आहे.

"अति" आणि "अजिबात नाही", दोन्ही एकाच श्लोकात

आता सहाव्या अध्यायाकडे. भगवंत म्हणतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं स्वतःला चाबकासारखं मारून घेतलं. पण त्याच श्लोकात लगेच पुढे आहे: अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. माउलींनी तर हट्टाने तहान-भुकेला कोंडून ठेवणाऱ्या माणसाचं वर्णनच केलं आहे आणि त्यालाही अधिकारी म्हटलेलं नाही. हा अर्धा श्लोक मी कधी वाचलाच नव्हता, कारण मला तो नको होता. उपास ही माझी एकच फुशारकी होती.

ही दोन टोकं एकमेकांना कशी जोडलेली आहेत, हे मला एका प्रयोगातून कळलं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ही मुलं खादाड नव्हती. तरी त्या काळात ती अन्नाचीच स्वप्नं बघू लागली आणि नंतर पुरेसं अन्न मिळाल्यावर काही जण प्रचंड खाऊनही भूक भागली नाही असं सांगत होते. शरीराला उपासमार झाली की ते भरपाई मागतं. त्यात पाप-पुण्य काही नाही.

माझ्या लूपचं मूळ तिथे होतं. दिवसभर कडक नियम, रात्री स्फोट, सकाळी लाज, लाजेतून आणखी कडक नियम. दरवेळी मी आणखी कडक डाएट शोधायचो, म्हणजे ज्या कोडमुळे बग येतोय तोच कोड पुन्हा डिप्लॉय करायचो. या आजारात वजन उतरवायचं डाएट हा इलाज नाही, उलट ते आगीत तेल ठरू शकतं, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

शत्रू कोण?

अर्जुनाच्या प्रश्नाला भगवंतांचं उत्तर काय? काम, म्हणजे वासना, आणि क्रोध. तिथे वासनेला एक विशेषण आहे: महाशन. पुष्कळ खाणारा, कितीही घातलं तरी न भरणारा. माझं सगळं चिंतन या एका शब्दावर पालटलं. भगवंत अर्जुनाला महाशन म्हणत नाहीत. खादाड आहे ती वासना. माणूस तिच्या तावडीत सापडलेला आहे आणि त्याला तिच्याशी लढायला बळ दिलं जातंय. मी मात्र शत्रू सोडून स्वतःलाच बडवत होतो.

पुढे श्लोक ४० मध्ये त्या शत्रूची तीन ठाणी सांगितली आहेत: इंद्रियं, मन आणि बुद्धी. आणि ४१ मध्ये सुरुवात इंद्रियांपासून करायला सांगितलं आहे. मी "सुरुवात" हा शब्द विसरलो होतो. अ‍ॅप डिलीट कर, घरात गोड आणू नको, इथेच माझी साधना संपायची.

गीता ही निदानाची पुस्तिका नाही आणि मला ती तशी वापरायचीही नाही. पण माझे उपचार मला या तीन ठाण्यांवरून नीट समजले. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीत पहिलं काम होतं ठरल्या वेळी जेवणं: तीन जेवणं, मध्ये थोडं खाणं, रात्री काही झालं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे इंद्रियांचं ठाणं. दुसरं, काय खाल्लं यासोबत तेव्हा मनात काय चाललं होतं ते वहीत लिहिणं. तीन आठवड्यांचे लॉग बघितल्यावर पॅटर्न उघडा पडला: दुपारचं जेवण बुडालं की, कॉलवर अपमान झाला की आणि घरी कुणी "किती सुटलायस" म्हणालं की. हे मनाचं. तिसरं, "एक लाडू खाल्ला म्हणजे दिवस वाया गेला, आता संपवूच" हा विचार पकडणं. हे बुद्धीचं, आणि माझ्यासाठी सगळ्यांत अवघड.

डॉक्टरांनी काही काळ उपास बंद करायला सांगितला. आईला ते पचायला वेळ लागला. "लहानपणापासून तुला खायची आवड, त्यात आजार कसला? आणि एकादशी सोडायची?" मी तिला सहाव्या अध्यायातला तो पूर्ण श्लोक वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली. पुढच्या एकादशीला तिने स्वतःसाठी भगर टाकली आणि मला वरण-भात वाढला. त्या दिवशी मी हरिपाठ म्हटला, फोन बंद ठेवला आणि कुणावर चिडलो नाही. माझी एकादशी झाली.

मी पूर्ण बरा झालोय का? पूर्वी आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचं, आता कधीतरी महिन्यातून एकदा होतं. झालं की दुसऱ्या सकाळी नाश्ता करतो आणि वहीत लिहितो.

ते दोन शब्द

"माहीत नाही." हे राहिलं होतं.

आजार हा माझा दोष नव्हता. पण ते खोटं माझं होतं. आजाराने मला लाडू खायला ढकललं असेल, मावशींवर संशय येऊ द्यायला नाही. आजाराला आजार म्हटल्यावर जबाबदारी संपते असं काही जणांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. "मी वाईटच आहे" असं मानत होतो तोवर कबुलीची हिंमतच नव्हती. मी आजारी आहे हे कळल्यावर दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या: उपचार कशाचे करायचे आणि माफी कशाची मागायची.

मी आईला सांगितलं. मग दोघांनी मिळून मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं दादा, की ताईंच्या मनात काहीतरी आहे. मी देवाला सांगितलं होतं." त्यानंतर त्या पुढच्या भांड्याकडे वळल्या. मला मात्र तिथून हलता येईना.

आजचा संकल्प

यातलं काही ओळखीचं वाटलं तर आज एकच करा: ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला सांगा. मग डॉक्टरांना. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत. नामस्मरण सोडू नका, पण नामाच्या आड आजार लपवूही नका. आणि घरात, ग्रुपमध्ये, प्रसादाच्या पंगतीत कुणाच्या ताटावर आणि पोटावर विनोद करणं आजपासून बंद करूया.

पांडुरंगा, आमच्यातल्या जो कुणी आज रात्री अंधारात डबा उघडेल, त्याला तू तिथेही भेट. लाज म्हणून नको, सोबत म्हणून भेट. आणि सकाळी त्याला खरं बोलायचं बळ दे.

राम कृष्ण हरी.