दुसऱ्याच्या नावचा कराचा कागद कसा मागावा?



उसावर आयकर नाही, मग आयकराच्या कागदाशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे खरेच. पण ऊसबिलातली शिल्लक बँकेत मुदत ठेवीत टाकली, की तिचे व्याज काही शेतीचे उत्पन्न राहत नाही. व्याज ठराविक मर्यादेपुढे गेले, की बँक कर कापते व खातेदाराच्या पॅनवर भरते.

समजा, एका सभासदास वर्षात १,२०,००० रुपये व्याज झाले. बँकेने १० टक्क्यांनी १२,००० रुपये कापले. दुसरे करपात्र उत्पन्न नाही, म्हणजे ही रक्कम परत मिळण्यासारखी आहे. पण विवरणपत्र भरण्याआधीच सभासद वारले. आता हे पैसे मागायचे कोणी? वारसांनी. त्यासाठी मयताच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा हवा. आपण त्याला २६ एएस म्हणून ओळखत आलो.

इथेच घोटाळा होतो. सात-बारावर वारस नोंद झाली, म्हणजे सगळीकडे झाली, अशी आपली समजूत. आयकर खात्याकडे वेगळी नोंद करावी लागते. मग कोणी तरी सांगतो, "वडिलांचा पासवर्ड आहे ना? मोबाईलवर ओटीपी येतोय ना? मग भरून टाका!" तसे करू नये. मयत माणसाने विवरणपत्र भरले, असे त्यातून दिसते आणि ते खोटे आहे.

सरळ रीत अशी :

१) वारसाने आयकर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पॅनने प्रवेश करावा व मयताचा प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा अर्ज करावा.

२) मयताचे पॅन, मृत्यूचा दाखला व वारस असल्याचा पुरावा जोडावा. वारस दाखला किंवा नोंदलेले मृत्युपत्र चालते.

३) मंजुरी मिळाली, की उतारा पाहता येतो व विवरणपत्रही भरता येते. मृत्यूच्या तारखेपर्यंतचे उत्पन्न मयताच्या नावे दाखवावे, पुढचे वारसांच्या. विवरणपत्राची मुदत मात्र चुकवू नये.

४) हे सारे मिटल्यावरच मयताचे पॅन रद्द करण्यास द्यावे. घाई नको.

कर देणे निघाले तर? वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. भिऊन कागद दडवू नयेत.

माणूस हयात आहे, पण आजारी आहे किंवा परदेशी आहे, तर त्याच्या वतीने काम पाहण्यासाठी संकेतस्थळावर अधिकार देण्याची वेगळी सोय आहे. त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. भाऊबंदकीच्या वादात मात्र दुसऱ्याचे विवरणपत्र माहिती अधिकारात सहसा मिळत नाही. ती व्यक्तिगत माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरवले आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : दुसऱ्याचा कागद मागण्याआधी आपला हक्क कागदावर आणा. आणि आपले पॅन, ठेवपावत्या कुठल्या पेटीत आहेत, हे आजच घरच्या बाईमाणसांनाही सांगून ठेवा. वेळ आली, की धावपळ त्यांनाच करावी लागते.

उजळणी : (१) सात-बारावरची वारस नोंद आयकरासाठी पुरते का? (२) मयताचे पॅन केव्हा रद्द करावे? (३) तुमच्या घरी हे कागद कोणाला ठाऊक आहेत?