भाताचे ताट आणि आपले आरोग्य : कर्बोदकांचा एक पाठ

वैनगंगेचे खोरे, जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पाण्यावर डोलणाऱ्या धानाच्या बांध्या हा चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या लोकजीवनाचा पाया आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी जिल्हे दोन झाले, परंतु ताट एकच राहिले. येथे जेवण म्हणजे भात. म्हणून कर्बोदकांचा पाठ आम्ही भातापासूनच सुरू करतो.

कर्बोदके म्हणजे कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून बनलेले अन्नघटक. साखर व गूळ ही त्यांची साधी रूपे होत. तांदूळ, ज्वारी, गहू, कोदो, कुटकी व रानातील कंद यांत ती पिष्टाच्या रूपाने असतात. भाज्यांतील, सालींतील व कोंड्यातील तंतू हेही कर्बोदकच. ते आपल्याला पचत नाहीत, तरी आतड्यांचे काम सुरळीत ठेवतात. पचनानंतर पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते रक्तातून पेशींपर्यंत पोहोचते. एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे 4 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रौढ माणसाचा मेंदू एकटाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज वापरतो. उपाशीपोटी वर्गात बसलेल्या मुलाचे चित्त का लागत नाही, याचे एक उत्तर येथे आहे. भूक लागलेल्या मुलाला आळशी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या समाजासाठी अन्नाचा प्रश्न केवळ शरीरशास्त्राचा कधीच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे करून मोबदल्यात भाकरीचे तुकडे घ्यावे लागले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे अन्न व मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा स्वाभिमानाने मिळवलेल्या घासाचा अर्थ समाजाला कळला. म्हणून पोटभर पांढराशुभ्र भात ही आपल्या घरांत प्रतिष्ठेची खूण ठरली, तर त्यात नवल नाही.

त्या बारीक भाताचा इतिहासही आपल्याच मातीतला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 मध्ये 'पटेल-3' या वाणाच्या शेतात त्यांना पिवळसर दाण्यांच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निरीक्षण करून बारीक दाण्याचे, चवदार वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. 2005 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 3 जून 2018 रोजी ते गेले. त्यांचे तांदूळ मात्र देशभर शिजत आहेत. निरीक्षण, प्रयोग व चिकाटी हीच विज्ञानाची पद्धत आहे, हे त्यांनी प्रयोगशाळेशिवाय दाखवून दिले.

दादाजींनी पिकवला तो दाणा. त्याला आरशासारखी चकाकी आणली ती गिरणीने. तांदळाला पॉलिश करताना कोंडा व अंकुर निघून जातात आणि त्यांच्यासोबत तंतू व ब-1 जीवनसत्त्वही जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आयकमन या डच वैद्याने पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि सालीसह तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातूनच पुढे झाला व 1929 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्या उखळ-मुसळाने कांडलेला तांदूळ शिजवत, त्यात हा कोंड्याचा अंश शिल्लक राही. धान उकडून केलेल्या तांदळातही जीवनसत्त्वाचा बराच भाग दाण्यात मुरून टिकतो.

दुसरी बाजू प्रमाणाची आहे. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. लागते तेवढी ऊर्जा वापरली जाते, थोडी यकृतात व स्नायूंत साठते आणि उरलेली चरबी होते. दिवसभर चिखलात रोवणी करणाऱ्या बापाला जेवढा भात जिरत होता, तेवढा खुर्चीवर बसून काम करणाऱ्या मुलाला जिरत नाही. कष्ट बदलले, ताट मात्र तेच राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही अधिक.

हा धडा जुना आहे. पाली साहित्यात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला ना शाप दिला, ना उपवास सांगितला; आहाराचे प्रमाण जाणण्याची एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या जेवणाच्या वेळी तो ती म्हणू लागला. राजाने हळूहळू भात कमी केला व तो हलका, निरोगी झाला. उपासमार नको आणि अतिरेकही नको, हा मध्यम मार्ग ताटालाही लागू पडतो.

मग करावे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितले आहे की एकूण ऊर्जेपैकी 45 टक्क्यांहून अधिक धान्यांतून येऊ नये. 2000 किलोकॅलरीच्या आहारात सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी आणि 400 ग्रॅम भाज्या असाव्यात. म्हणजे भात सोडायचा नाही. त्याच्या शेजारची जागा भरायची. तांदळात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. बांधीच्या धुऱ्यावर तूर लावणाऱ्या शेतकऱ्याने ही जोडी शेतातच जुळवली आहे. कोदो-कुटकी, ज्वारीची भाकरी व रानभाज्या या गरिबीच्या खुणा नव्हेत. त्या पोषणाच्या ठेवी आहेत. शीतपेये व पाकिटबंद गोड पदार्थ यांतून मिळते ती केवळ साखर. मुलांच्या हाती ती रोज देऊ नये.

वसतिगृहातील मुले घरून आलेल्या पालकांकडे खाऊ मागतात, हे स्वाभाविक आहे. पालकांनी बिस्किटांच्या पुड्यांऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे, पेरू, सीताफळ आणावे, अशी आमची विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी चाळिशी ओलांडली असेल, तर वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी. अन्नासाठी ज्यांच्या पूर्वजांनी मान खाली घातली, त्या समाजाच्या हाती आज आपले ताट आहे. ते समजून-उमजून वाढून घेणे हेही शिक्षणच होय.