बेण्याला लागून येणारी माती

फोनवर तुझ्याभोवती सगळी मंडळी होती, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आता निवांत सांगते. ते ट्रकवाल्याकडचं डोंगरातलं बेणं घेऊ नका. भाव चांगला आहे, मान्य. पण सातगाव पठारावर तुमच्या पोरांनाही बटाटा लावायचाय ना? मग गोणीतल्या बटाट्याइतकंच त्याला लागून आलेल्या मातीकडे बघ.

त्या मातीतून निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी, येऊ शकतो. निमॅटोड म्हटलं की तुम्हाला टोमॅटोच्या, डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. तो वेगळा. त्याच्याशी कसं निभवायचं, हे तुझ्या मामंजींना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हणतेय तो बटाट्याचा पुटी सूत्रकृमी. याची मादी मुळाला चिकटून फुगते आणि मेली की तिचं कातडंच टणक पुटी होतं. टाचणीच्या डोक्याहून लहान, आत दोनशे ते पाचशे अंडी. शेतात बटाटा नसला तरी त्यातली काही वीस-वीस वर्षं जिवंत राहतात. बटाट्याच्या मुळांचा पाझर मातीत उतरला, की पिल्लं बाहेर पडतात. हा प्राणी स्वतःहून जेमतेम हात-दोन हात सरकतो, बाई! गावोगाव नेला तो आपणच. बेण्यावरच्या मातीतून, गोणपाटातून, ट्रॅक्टरच्या चाकांतून.

आपल्या देशात तो 1961 साली नीलगिरीत, उटीजवळ सापडला. पुढे तमिळनाडू सरकारने तिथला बटाटा बाहेर न्यायला मनाई केली आणि दुखणं तेवढ्यापुरतंच आहे, असं बरीच वर्षं वाटत राहिलं. मग हिमाचल, जम्मू-काश्मीर, उत्तराखंडातही निघाला. 2018 साली केंद्राने तिथल्या बेण्याच्या वाहतुकीवर बंदी घातली. थंड डोंगरातलं म्हणजे निरोगी, असं समजून जे आपण डोळे झाकून घ्यायचो, तेच बेणं! पुढे नियमांत काही बदल झाले असतील-नसतील. पण ज्याला पावती नाही आणि टॅग नाही, त्या मालाला नियम विचारतो कोण?

जावईबापू म्हणतील, प्रतिकारक जात लावू की! त्यांना ही इंग्लंडची गोष्ट सांग. या सूत्रकृमीच्या दोन जाती. एकीच्या माद्या पांढऱ्याच्या सोनेरी होऊन मग तपकिरी होतात, दुसरीच्या पांढऱ्याच्या थेट तपकिरी. म्हणून पहिली सोनेरी, दुसरी पांढरी. इंग्रजांनी 1966 साली ‘मॅरिस पायपर’ नावाचा बटाटा आणला. त्यातला प्रतिकाराचा जनुक आला होता अँडीजमधल्या बटाट्यातून, पण तो अडवायचा फक्त सोनेरी जातीला. लोकांनी वर्षानुवर्षं तोच लावला. सोनेरी हटली आणि रान मोकळं मिळालेली पांढरी बोकाळली. आज तिथे तिचाच त्रास जास्त.

बरं, एका जातीच्या पोटातही सगळ्या सारख्या नाहीत. पांढरीचं माहेर पेरूमध्ये. तिथे एका खोऱ्यातली आणि दुसऱ्या खोऱ्यातली यांच्यात जनुकांचा केवढा तरी फरक. पश्चिम युरोपात पोचली ती मात्र दक्षिण पेरूतल्या, टिटिकाका सरोवर ते कुस्को या एवढ्याशा पट्ट्यातली. म्हणजे तिकडच्या संशोधकांना अजून त्यातल्या थोड्याच वाणांशी झुंजावं लागतंय. उद्या तिसऱ्याच खोऱ्यातली आली, तर आजचा प्रतिकारक बटाटा तिला पुरेल, याची हमी कोण देणार? म्हणून ‘प्रतिकारक’ असं कुणी म्हटलं की विचारायचं, कुणाला प्रतिकारक? नीलगिरीत दोन्ही जाती आहेत, म्हणून तिथे दोन्हींना दाद न देणारा ‘कुफरी स्वर्णा’ काढावा लागला. शिवाय तिथले शेतकरी मध्ये कोबी, गाजर, लसूण घेतात. टोमॅटो-वांग्याने मात्र फेरपालट होत नाही. ती पिकंही याला चालतात.

तर बेणं घ्या प्रमाणित, पावतीचं आणि शक्य तितकं माती नसलेलं. रिकाम्या गोण्या शेतात झटकू नका. आणि फुलोऱ्यावर एखादा पट्टा खुरटा, पिवळा दिसला तर नुसता युरिया मारून मोकळे होऊ नका. रोप उपटू नकोस, खुरप्याने मातीसकट अलगद उचल, बादलीतल्या पाण्यात मुळं हलकेच बुडव आणि भिंगाने बघ. ओढून काढलंस तर मुळांवरचे माद्यांचे मणी मातीतच गळून पडतात. पांढरे-पिवळे बारीक मणी दिसले, तर त्या पट्ट्यात पुन्हा पाय ठेवायच्या आधी मला फोन कर. मामंजी रागावले तर सांग, ताईने सांगितलंय.